मागचा एक्सल बदलल्यावर जीपचा क्रॉस पुन्हा पुन्हा का जातो?

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते. जुनी फोर-व्हील जीप, मागचा एक्सल बदलून घेतला, सुरुवातीला गाडी छान चालली. मग पन्नासच्या पुढे पायाखाली गुरगुर जाणवायला लागली, पुढे गिअर टाकताना मागून ‘टक’ असा आवाज, आणि एक दिवस प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या एक्सलपर्यंत नेणाऱ्या फिरत्या नळीचा क्रॉस (टोकाचा चौफुलीसारखा सांधा) गेला. नवा क्रॉस टाकला. काही आठवडे बरे गेले. पुन्हा तेच, आणि या वेळी पिनियनचं (एक्सलच्या तोंडाशी प्रोपेलरकडून जोर घेणाऱ्या छोट्या गिअरचं) ऑईल सीलही गळायला लागलं. मिस्त्री म्हणतो माल डुप्लिकेट होता, दुकानदार म्हणतो मिस्त्रीने ठोकून बसवला.

दोघांचंही म्हणणं कधीमधी खरं असतं. पण एक्सल बदललेल्या गाडीत क्रॉस दुसऱ्यांदा गेला, की तिसरा आणायला जाऊ नका. आधी गाडीखाली जाऊन कोन मोजा. अशा गाडीत क्रॉसचा स्वतःचा दोष क्वचित असतो. तो झेपणार नाही अशा कोनात फिरत राहतो म्हणून मरतो. उभा कोन, म्हणजे प्रोपेलर वरून खाली किती उतरतो तो, निदान काही जण तरी बघतात. आडवा कोन, म्हणजे तो डावी-उजवीकडे किती तिरका जातो तो, जवळजवळ कुणीच बघत नाही, आणि माझ्या मते निम्मं दुखणं तिथेच असतं.

एक्सल बदलण्यामागची कारणं मात्र रास्त आहेत. आपल्याकडे सोलापूर भागात या जीपा हौसेपेक्षा कामाला जास्त. मोहोळ-मंगळवेढ्याच्या काळ्या रानात, सीनेच्या कोरड्या वाळूत, उसाच्या फडापर्यंत ट्रॉली ओढत जायचं तर मागच्या एक्सलवरच सगळा जोर येतो. विलीस (मूळ जीप बनवणारी अमेरिकी कंपनी) घराण्यातल्या जुन्या मागच्या एक्सलमध्ये व्हील शाफ्टचं टोक निमुळतं असतं आणि हब चावीवर बसतो. हबचं नट जरा ढिलं राहिलं की चावी कापली जाते, शाफ्टचं टोक खाल्लं जातं. शिवाय सीजे-३बी सारख्या गाड्यांचा रेशो ५.३८ (चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलरचे ५.३८ फेरे), हैदराबाद रस्त्याला लागलं की इंजिन ओरडतं आणि गाडी काही पुढे जात नाही. म्हणून लोक भंगार बाजारातून दुसऱ्या गाडीचं हाउसिंग, म्हणजे कवचासकट एक्सल, आणतात. निर्णय ठीक आहे. बसवताना जे मोजायचं ते मोजलं जात नाही, तिथून पुढची सगळी कटकट.

आधी गाडी धुवा

हे वाचून काही जणांना वाटेल की इतकी साधी गोष्ट कशाला सांगायची. पण काळी माती चिकटून वाळली की दगडासारखी होते. ती रिमच्या आतल्या बाजूला आणि प्रोपेलरच्या नळीवर एकाच अंगाला बसली, तर चांगली गाडीही थरथरते. खालून पूर्ण धुऊन, रिम आतून खरवडून मगच चाचणीला निघा. त्याच वेळी डिफ्रेन्शियलचा (एक्सलवरच्या गिअरांच्या गोळ्याचा) ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी छोटी वाट, साफ करा. तो मातीने बुजला असेल तर तेल गरम झाल्यावर आत दाब तयार होतो आणि सीलमधून तेल बाहेर पडतं. गाडी तापलेली असताना तेल भरायचा प्लग हळूच सैल केल्यावर ‘फुस्स’ झालं, तर ब्रीदर बंद आहे. नवं सील टाकून हा दोष जात नाही.

आवाज कधी येतो ते नीट ओळखा

हैदराबाद रस्त्यावर मोकळ्या सपाट पट्ट्यात गाडी त्या ठरावीक वेगाला न्या, आणि ती गुरगुर सुरू झाली की न्यूट्रल करा. इंजिन उतरलं तरी गुरगुर तशीच राहिली, तर दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे: प्रोपेलर, डिफ्रेन्शियल किंवा चाकं. न्यूट्रल करताच थांबली, तर दोन शक्यता. एक तर इंजिन माउंटिंग, नाहीतर जोर लागल्यावरच बिघडणारा पिनियनचा कोन.

त्या दोन्हीतला फरक चढाला कळतो. तुळजापूरच्या घाटात चढताना थरथर वाढते आणि उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की गायब होते, असं झालं तर जोर लागल्यावर पिनियन वर उचलला जातोय. स्प्रिंगचे पाटे इंग्रजी ‘एस’सारखे वाकतात आणि सगळं हाउसिंग मागे लोळतं. उलट, उतरताना इंजिनच्या ब्रेकवर आवाज येतो आणि चढताना येत नाही, तर पिनियनचं नाक आधीपासूनच गरजेपेक्षा खाली आहे, किंवा पिनियनच्या बेअरिंगमध्ये ढिलाई आहे. फ्लँज (पिनियनच्या टोकाची, प्रोपेलर जोडायची चकती) हाताने धरून वर-खाली हलवून बघा. तिथे जराही खेळ लागला तर पुढचं मोजमाप नंतर. बेअरिंगचं काम आधी. सील वारंवार जाण्याचं तेही एक मोठं कारण आहे. दुसरं कारण म्हणजे फ्लँजवर जुन्या सीलने पाडलेली खाच. नखाला खाच लागली तर तिथे कितीही चांगलं सील टिकणार नाही.

फुकटातली तपासणी: दोन्ही योक एका रेषेत आहेत का

प्रोपेलरच्या दोन टोकांचे योक (क्रॉसला धरणारे दोन-दोन कानांचे भाग) एकाच प्रतलात असायला हवेत. जमिनीवर ठेवून एका टोकाकडून बघितलं तर पुढचे कान आणि मागचे कान एकावर एक दिसले पाहिजेत. स्लिप जॉइंट (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणारा सरकता सांधा) सोडवून परत घालताना एखाद-दोन दात इकडेतिकडे झाले की हे बिघडतं. मूळ शाफ्टवर बाणाच्या खुणा असतात; एक्सल बदलताना शाफ्ट लेथवाल्याकडून कापून जोडला असेल तर खुणांचा भरवसा धरू नका, डोळ्याने बघा. लेथवरच वेल्ड करताना योक फिरलेला असेल तर शाफ्ट परत कापावाच लागतो.

यामागचं कारण समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. साध्या क्रॉसमधून शाफ्ट वाकड्या कोनात फिरतो तेव्हा पलीकडचा वेग एकसारखा राहत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा वाढतो, दोनदा कमी होतो. कोन ५ अंश असेल तर हा फरक अर्ध्या टक्क्याच्याही आत असतो. १० अंशांना दीड टक्का, २० अंशांना थेट सहा टक्के. म्हणजे कोन दुप्पट केला की त्रास चौपट होतो. ६.००-१६ टायरवर ५.३८ रेशोची जीप ६० च्या वेगाने धावते तेव्हा प्रोपेलर मिनिटाला साधारण २,३०० ते २,४०० फेरे घेतो, आणि प्रत्येक फेऱ्याला दोन हिसके. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हाच फरक उलटा करून काढून टाकतो, पण दोन अटींवर: दोन्ही योक रेषेत हवेत आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत.

उभा कोन

गाडी सपाट फरशीवर, चाकांवर उभी, टायरमध्ये नेहमीची हवा. जॅकवर चढवून एक्सल लोंबकळत ठेवून घेतलेलं माप निरुपयोगी आहे. गाडीवर नेहमी जेवढा बोजा असतो तेवढा टाकूनच मोजा. मागे पाण्याच्या टाक्या नाहीतर ट्रॉलीचं वजन घेऊन फिरणारी जीप रिकामी मोजली तर आकडे वेगळेच येतात.

चुंबकाचा डिजिटल अँगल मीटर मिळाला तर उत्तम, नाहीतर मोबाईलमधलं लेव्हलचं ॲप सपाट पट्टीवर ठेवूनही काम भागतं. तीन आकडे लागतात. ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्समागच्या, पुढच्या-मागच्या एक्सलला जोर देणाऱ्या पेटीच्या) मागच्या फ्लँजचा, प्रोपेलरच्या नळीचा आणि पिनियनच्या फ्लँजचा. जुन्या जीपला हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागेच असतो. त्याच्या सपाट तोंडावर मीटर लावता येतो; तोंड उभं असतं, म्हणून ते ओळंब्यापासून किती कललंय तो आकडा धरा. पुढचा आकडा आणि नळीचा आकडा यातला फरक म्हणजे पुढच्या क्रॉसचा कोन. नळी आणि पिनियन यातला फरक म्हणजे मागच्या क्रॉसचा. हे दोन फरक एकमेकांच्या एका अंशाच्या आत यायला हवेत. ट्रान्सफर केसचा आस आणि पिनियनचा आस समांतर असतील तर ते आपोआप येतात.

यात एक चूक हल्ली फार दिसते. उंची वाढवलेल्या गाड्यांचे व्हिडिओ बघून लोक पिनियनचं नाक वर करून थेट ट्रान्सफर केसकडे रोखतात. ते फक्त पुढच्या टोकाला डबल क्रॉसचा जॉइंट असेल तरच बरोबर. साध्या शाफ्टला तसं केलं की मागचा कोन जवळजवळ शून्य होतो, पुढचा आठ-दहा अंश राहतो, आणि हिसके रद्द व्हायला कुणी उरतच नाही. वर, अगदी शून्य कोनही वाईट. क्रॉसच्या कपातल्या सुया फिरतच नाहीत, एकाच जागी आपटून खाचा पाडतात. काढलेल्या क्रॉसच्या पायांवर लांबीच्या दिशेने रेघा-रेघा दिसल्या तर हे किंवा ग्रीसचा अभाव, दोन्हीपैकी एक असण्याची शक्यता जास्त.

पाट्यांच्या गाडीला पिनियन समांतरपेक्षा एक-दोन अंश खाली ठेवावा. जोर लागल्यावर तो उचलून जागेवर येतो.

आडवा कोन

आता खरा मुद्दा. विलीस काळापासून चालत आलेल्या स्पायसर १८ पद्धतीच्या ट्रान्सफर केसमध्ये मागे जाणारा प्रोपेलर गाडीच्या मधोमध नसतो, उजवीकडे सरकलेला असतो. त्याला जुळण्यासाठी मूळ मागच्या एक्सलचा गोळाही उजवीकडेच असतो. भंगारातून आणलेलं दुसऱ्या गाडीचं हाउसिंग पुष्कळदा मधल्या गोळ्याचं निघतं. ट्रॅक जुळतो, ड्रम चांगले मिळतात, व्हीलचे पाच बोल्टही साडेपाच इंचांच्या वर्तुळात बरोबर बसतात, म्हणून ते घेतलं जातं. मग प्रोपेलर वरून खाली तर जातोच, शिवाय उजवीकडून मधोमधही जातो.

हा तिरकेपणा किती, ते ओळंब्याने कळतं. पुढच्या क्रॉसच्या मध्यातून ओळंबा सोडून फरशीवर खूण करा, मागच्या क्रॉसच्या मध्यातून दुसरी. चेसिसच्या मध्यरेषेपासून दोन्ही खुणांचं अंतर मोजा. समजा, दोन्हींत १० सेंटिमीटरचा फरक आला आणि क्रॉस ते क्रॉस आडवं अंतर ६० सेंटिमीटर आहे. हा आडवा कोन साडेनऊ अंश झाला. उभा कोन ८ अंश असेल तर दोन्ही मिळून क्रॉसला प्रत्यक्षात सोसावा लागणारा कोन साडेबारा अंशांच्या आसपास जातो. दोन्ही कोनांचे वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं, एवढंच गणित आहे. मीटर नळीवर उभा ठेवून बघणाऱ्याला फक्त ८ दिसतात, तो म्हणतो सगळं ठीक आहे, आणि क्रॉस पुन्हा जातो.

हाउसिंग चेसिसला काटकोनात असेल तर आडवे कोन दोन्ही टोकांना सारखेच असतात, त्यामुळे थरथर कमीही जाणवेल. पण क्रॉस रोज त्या मोठ्या कोनातच फिरतो, त्याचं आयुष्य घटतं. आणि हाउसिंग जरा जरी तिरकं बसलं असेल तर थरथरही आलीच. म्हणून प्रत्येक बाजूला पाट्याच्या पुढच्या बुशच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत टेप लावा. दोन्ही मापं सारखी नसतील तर एखादा सेंटर बोल्ट कापला गेलाय, किंवा यू-बोल्ट सैल आहेत. मोठ्या खड्ड्यानंतर एकाएकी त्रास सुरू झाला असेल तर इथूनच सुरुवात करा.

माझं स्पष्ट मत सांगतो. छोट्या चेसिसच्या, उजव्या प्रोपेलरच्या जीपला मधल्या गोळ्याचं हाउसिंग घेऊच नका, कितीही स्वस्त मिळू दे. बसवलं असेल तर विकून उजव्या गोळ्याचं शोधा. हाउसिंगची एक नळी कापून गोळा सरकवून देणारे कारागीर भेटतात, काही जण व्हील शाफ्टही मधून कापून वेल्ड करतात. वेल्ड केलेला व्हील शाफ्ट वापरू नका. तो तुटतो तेव्हा चाक घेऊनच बाहेर येऊ शकतो. शाफ्ट कमी करायचा तर नव्या स्प्लाइन (टोकाचे लांब दाते) पाडून, योग्य हीट ट्रीटमेंट देणाऱ्याकडूनच.

कोन सुधारताना

तीन-चार अंशांपर्यंतचा फरक पाट्याखाली पाचर घालून निघतो. पाचर लोखंडीच हवी. ॲल्युमिनियमची पाचर आपल्या खड्ड्यांत चुरा होऊन निघून जाते आणि मग यू-बोल्ट सैल पडतात. सेंटर बोल्ट पाचरीतून आरपार गेला पाहिजे, लांबी कमी पडली तर लांब बोल्ट घ्या.

त्याहून जास्त फरक असेल तर हाउसिंगवरचे स्प्रिंग पॅड कापून नव्याने वेल्ड करावे लागतात. इथे घाई नडते. पॅड आधी सैल ठेवून हाउसिंग गाडीखाली बसवा, गाडी चाकांवर उतरवा, बोजा टाका, पिनियन हव्या त्या कोनात आणा, मग टाके मारा. पुन्हा मोजा. मगच काढून पूर्ण वेल्डिंग. वेल्डिंग थोडं थोडं, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, आणि मध्ये हाताला सोसेल इतकं थंड होऊ द्यायचं. पाणी ओतून थंड केलं की नळी वाकते, आणि मग बेअरिंग का जातायत याचा वेगळा शोध सुरू होतो. मधल्या ओतीव गोळ्यावर साध्या रॉडने वेल्डिंग करू नये. तिथे तडा जातो. गाडीवरच टाके मारणार असाल तर बॅटरीची तार काढून ठेवा.

पिनियन बराच वर केला असेल तर तेलाच्या प्लगची पातळीही बदलते. पुढच्या पिनियन बेअरिंगपर्यंत तेल पोचत नाही आणि मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात घाट चढताना ते जळतं. तेल थोडं जास्त ठेवा.

जोर लागल्यावर पाटे लोळतात का, हे बघायला कुणीही गाडीखाली जायचं नाही. मोबाईल बंपरखाली बांधून व्हिडिओ काढा. एक लक्षात ठेवा, हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागे असलेल्या गाडीत हँडब्रेक लावून रेस केल्याने मागच्या एक्सलवर जोर येतच नाही. पायाचा ब्रेक दाबून, समोर मोकळी जागा ठेवून, क्षणभरच क्लच सोडून बघा. लोळत असतील तर आधी यू-बोल्ट, पाट्यांचे क्लिप आणि बुश दुरुस्त करा. तरी थांबलं नाही तर ट्रॅक्शन बार लावा, पण त्याचं पुढचं टोक शॅकलवर झुलतं हवं. दोन्ही टोकं पक्की बांधली तर पाट्यांना हालचालच उरत नाही.

शाफ्टची लांबी

नव्या हाउसिंगचा पिनियन मूळ पिनियनपेक्षा लांब किंवा आखूड असतो. शाफ्ट लांब पडला तर मोठ्या खड्ड्यात स्लिप जॉइंट शेवटपर्यंत आत जाऊन आपटतो आणि धक्का थेट ट्रान्सफर केसच्या बेअरिंगला बसतो. आखूड पडला तर चाक लोंबकळल्यावर स्प्लाइन अगदी टोकावर येतात. स्लिप जॉइंटवरचं जुनं ग्रीस पुसून पातळ नवा थर लावा, शेताच्या बांधावरून गाडी फिरवून आणा, आणि किती भाग सरकलाय ते बघा. दोन्ही बाजूंना जागा उरली पाहिजे.

रेशो

पुढचा ५.३८ आणि मागचा ४.२७ असेल तर फोर-व्हील टाकताच दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतात. फरक जवळजवळ २६ टक्क्यांचा आहे. या जीपांत मध्ये डिफ्रेन्शियल नसतं, म्हणून तो ताण निघायला टायर घसरण्यावाचून वाट नाही. चिखलात थोडा फरक खपून जातो, डांबरावर नाही. फोर-व्हीलचा दांडा परत निघायला अडतो, ही त्याची खूण.

एक्सलवरचा रेशोचा टॅग विश्वासाचा नसेल तर मोजून घ्या. गिअर न्यूट्रलमध्ये, दुसऱ्या चाकांना पुढून-मागून दगड लावून, मागचं एकच चाक उचला आणि दोन पूर्ण फेरे फिरवा. तेवढ्यात प्रोपेलरचे जितके फेरे झाले तो रेशो. पाच आणि जेमतेम चार दशांश म्हणजे ५.३८, चार आणि पाव म्हणजे ४.२७. पुढच्या एक्सलला चाकांचे हब लॉक करून हेच करा. मागचा बदलला तर पुढचा क्राऊन-पिनियनही त्याच रेशोचा घ्या. तोपर्यंत फोर-व्हील वापरू नका. स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून निघते, त्यामुळे ५.३८ चा ४.२७ झाला की काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ७५ च्या घरात असते.

ब्रेकही तपासा. नव्या हाउसिंगच्या व्हील सिलिंडरचा व्यास मोठा असेल तर मागची चाकं आधी लॉक होतात, आणि ट्रॉली मागे असताना हे जिवावर बेततं. कायद्याचंही बघा: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मुळे, नोंदणी प्रमाणपत्रावरचे तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल चालत नाही. काम सुरू करण्याआधी आपल्या एमएच-१३ च्या (सोलापूरच्या) आरटीओत विचारून घ्या.

सगळं जुळवल्यावर पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट आणि फ्लँजचे बोल्ट पुन्हा घट्ट करा. वेल्डिंग आणि पाचर केलेल्या गाडीत ते थोडे सैल पडतातच. कोन, योक, लांबी, रेशो सगळं बरोबर येऊनही ठरावीक वेगाला गुरगुर राहिलीच, तर नळी वाकलेली आहे का ते डायल गेज लावून बघा आणि शाफ्ट बॅलन्सिंगला द्या. आणि तोवर गाडी चढावर उभी करताना चाकाखाली दगड हवाच, कारण या जीपांत क्रॉस तुटला की मागच्या चाकांना धरून ठेवणारा हँडब्रेकही त्याच्याबरोबर जातो.